वाटेवरचं कासव



कॉलनीतल्या फिरायच्या वाटेवर एक शिल्प बसवायचं ठरलं. बैठकीत शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, तुमच्या भगवंतांची मूर्ती बसवूया की!" ऐकून मन भरून आलं, तरी मी नको म्हटलं.

घरी सासूबाई रुसल्या. "आलेली संधी घालवलीस. श्रवणबेळगोळचे ५७ फुटी बाहुबली हजार वर्षं उघड्यावरच आहेत ना?" आहेत. पण तो डोंगर आपण अनवाणी चढतो. इथे चपला, कुत्री, पिंक टाकणारे. नित्य अभिषेक कोण करणार? मूर्तीचा अविनय रोज बघवला नसता.

पुढच्या बैठकीत मी तीर्थंकरांची लांछनं सांगितली. आदिनाथांचा बैल, शांतिनाथांचं हरीण, मुनिसुव्रतांचं कासव, महावीरांचा सिंह. कासव सगळ्यांनाच आवडलं. अवयव आत ओढून घेणारं कासव म्हणजे इंद्रियसंयम, हे आपल्याला कळतं. इतरांसाठी ते नुसतं कासव. पोरं पाठीवर बसली तरी बिघडत नाही.

एकच गोष्ट हट्टानं मागितली: त्यावर रात्री झगझगीत दिवा नको. दिव्याभोवती किडे जमतात आणि मरतात. थोडी कुरकुर झाली, पण ऐकलं.

परवा सूर्यास्ताआधीचं जेवण आटोपून सासूबाई फिरायला आल्या. कासवाच्या पाठीवर दोन पोरं होती. त्यांना वाटलं, आजी आता ओरडणार. सासूबाई म्हणाल्या, "सरका रे जरा," आणि शेजारी टेकल्या.