जिन्याखालचे संगीत

यंत्रातून निघणाऱ्या आवाजाला संगीत म्हणावे काय, हा वाद आमच्या वसतिगृहात दर गणेशोत्सवानंतर न चुकता होतो. दहा दिवस डीजेच्या भिंतींनी छातीत धडधड भरवलेली असते, कान बधिर झालेले असतात, आणि मग कोणीतरी भीमसेनांचा किंवा किशोरीताईंचा दाखला देऊन निकाल लावून टाकतो की, ज्याला श्वास नाही त्याला सूर कसला? या वादात मी सहसा गप्प बसतो. मला अशा वेळी मिरवणुकीतला डीजे आठवत नाही. इंग्लंडमधल्या एका घरातली जिन्याखालची जागा आठवते. ती मी पाहिलेली नाही, पाहण्याचा संभवही नाही. परंतु त्या जागेत जे तयार झाले त्याने गेली दोन वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फिल आणि पॉल हार्टनोल हे सख्खे भाऊ. फिलचा जन्म १९६४चा, पॉलचा १९६८चा. लंडनच्या दक्षिणेला केंट परगण्यात सेव्हनओक्स नावाचे गाव आहे, तिकडचे हे कुटुंब. लंडन शहराभोवती एम-२५ नावाचा सुमारे १८८ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग आहे. तो १९८६ साली पुरा झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या रस्त्याच्या आजूबाजूच्या शेतांत आणि रिकाम्या गोदामांत तरुण पोरांचे रात्ररात्रभर नाच सुरू झाले. जागा आधी जाहीर होत नसे. ठरावीक नंबरवर फोन करायचा, पत्ता मिळवायचा आणि मोटारींची रांग त्या दिशेने वळवायची. त्या वर्तुळाकार रस्त्यावरूनच या भावांनी आपल्या जोडीचे नाव ठेवले, ‘ऑर्बिटल’. आपल्याकडे एखाद्या वाद्यवृंदाने ‘रिंग रोड’ असे नाव घेतले तर लोक हसतील. तिकडे ते चालून गेले.

त्यांचे पहिले गाजलेले काम म्हणजे ‘चाइम’. १९८९ साली आईवडिलांच्या घरात, जिन्याखाली मांडलेल्या यंत्रांवर पॉलने ते रचले आणि वडिलांच्या कॅसेट डेकवर टेप केले. स्टुडिओ नाही, ध्वनिमुद्रण अभियंता नाही. डिसेंबर १९८९ मध्ये एका छोट्या कंपनीने ते बाजारात आणले, मार्च १९९० मध्ये मोठ्या कंपनीने पुन्हा काढले, आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १७व्या क्रमांकापर्यंत चढले. तेवढ्यावर दोघांना बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरदर्शन कार्यक्रमाचे बोलावणे आले. तेव्हा थॅचर सरकारचा पोल टॅक्स देशभर पेटला होता. प्रत्येक प्रौढ माणसाने, श्रीमंत असो की मजूर, जवळजवळ सारखाच कर भरायचा, असा तो कर. हे दोघे त्या कराचा निषेध छापलेले सदरे घालून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. गाण्यात तर एक शब्द नव्हता. जे म्हणायचे ते सदऱ्यावर म्हटले.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. त्यांच्या १९९१ आणि १९९३ च्या पहिल्या दोन अल्बमना नावेच नाहीत. लोक मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘हिरवा’ आणि ‘तपकिरी’ म्हणतात. हिरव्याच्या आरंभी जे बोललेले वाक्य येते, तेच तपकिरीच्याही आरंभी ठेवले आहे. आपल्याला चुकून जुनीच तबकडी बांधून दिली, असे गिऱ्हाइकाला वाटावे म्हणून! सख्खे भाऊच एवढा खट्याळपणा करू जाणोत.

आता यंत्राचा प्रश्न. रंगमंचावर हे लोक नुसते बटण दाबून उभे राहतात, असा सर्वसाधारण समज असतो. हार्टनोल बंधूंची रीत निराळी होती. त्यांच्याजवळ ‘अलेसिस एमएमटी-८’ नावाची साधी पेटी असे. तिच्यावर आठ बटणे, प्रत्येक बटणावर गाण्याचा एक धागा: एकावर ठेका, एकावर खर्ज, एकावर घंटेसारखा नाद. कोणता धागा केव्हा सुरू करायचा, केव्हा तोडायचा, कोणता चार आवर्तने जास्त लांबवायचा, हे समोरची गर्दी पाहून त्या क्षणी ठरे. म्हणजे चीज ठरलेली, बढत मात्र जागेवरची. ही तुलना आमच्या संगीताच्या सरांना आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. काळोखात बटणे दिसावीत म्हणून दोघे चष्म्याच्या दोन्ही काड्यांना छोटे दिवे लावत. पुढे तीच त्यांची ओळख झाली: अंधारात चार दिवे डुलताहेत आणि एकाची मान हलली की दुसऱ्याची हलते. १९९४ च्या जूनमध्ये ग्लॅस्टनबरीच्या उत्सवात शनिवारी रात्री ते असे वाजवायला उभे राहिले. त्या वर्षी तो उत्सव प्रथमच टेलिव्हिजनवर दाखवला जात होता. गिटार हाती असल्यावाचून हजारोंचा जमाव धरून ठेवता येत नाही, हा समज त्या रात्रीनंतर तिकडे पूर्वीसारखा राहिला नाही.

परंतु माझा पिच्छा पुरवला तो यातल्या कशानेही नव्हे. तो पुरवला ‘हॅल्सियन’ने.

ग्रीक पुराणातला हॅल्सियन हा पक्षी आपल्याकडच्या खंड्याच्या जातीचा. तो अंडी उबवतो तेव्हा समुद्र शांत होतो, अशी कथा आहे. त्यावरून इंग्रजीत शांत, सुखाच्या दिवसांना ते नाव पडले. आणि हेच नाव, एका अक्षराच्या फरकाने, एका झोपेच्या गोळीलाही दिलेले होते. तिच्यातले औषध ट्रायझोलाम. हार्टनोल बंधूंची आई या गोळीच्या आहारी गेली होती, आणि ते बरीच वर्षे चालले. ब्रिटनमध्ये १९९१ साली या गोळीची विक्री थांबवण्यात आली; १९९२ साली मुलांनी हे गाणे काढले आणि आईला अर्पण केले. तपकिरी अल्बमवर त्याचेच वाढवलेले रूप आहे, नऊ-साडेनऊ मिनिटांचे. कर्स्टी हॉकशॉ या गायिकेचा ‘इट्स अ फाइन डे’ या गाण्यातला आवाज घेऊन त्यांनी तो उलटा फिरवला आहे. त्यामुळे बाई गाते आहे हे कळते, गोड गाते आहे हेही कळते, शब्द मात्र एकही लागत नाही. चित्रफितीत तीच गायिका घरकाम करणारी, भान हरपलेली गृहिणी झाली आहे.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हा इतिहास ठाऊक नव्हता. फक्त वाटले, हा आवाज ओळखीचा आहे.

माझी आई रात्रीची जेवणे उरकली की देवघराच्या फळीवरच्या डब्यातून एक पांढरी गोळी काढते. मी सातवीत असताना ती सुरू झाली, पंधरा दिवसांपुरती. यंदा मी तृतीय वर्षाला आहे. सकाळी तिला हाक मारली तर ‘ओ’ येते, पण उशिरा येते, विहिरीच्या तळातून यावी तशी. ती हसते, स्वयंपाक करते, आल्यागेल्याची विचारपूस करते. फक्त तिच्या बोलण्यातला अर्थ पुष्कळदा वाटेत राहून जातो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, चाकणला कंपनीत आहे. फोनवर आम्ही पाऊस, पगार, म्हशीचे दूध, सगळे बोलतो. गोळीविषयी आम्हा दोघांत कधी शब्द निघाला नव्हता. घरोघरी असे असावे. मुलांना सगळे दिसते आणि मुले सगळे झाकतात. त्या दोघा भावांनी मात्र जे झाकायचे त्याचेच नाव गाण्याला दिले, आणि ते गाणे हजारो अनोळखी लोकांपुढे वाजवले. त्यात आईवर राग नाही, दयाही नाही. ती जिथे असायची तिथले हवामान तेवढे त्यांनी ऐकवले.

गेल्या दिवाळीत ओट्यावर बसून मी ते दादाला ऐकवले. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, ‘बाई काय म्हणते रे?’ मी सांगितले, उलटे लावले आहे, शब्द नाहीत. मग गाण्याचे नाव आणि त्यामागची गोष्टही सांगितली. तो काही बोलला नाही. सकाळी पाहतो तर डब्यातली गोळ्यांची पट्टी हातात धरून तो मागचे बारीक अक्षर वाचत होता. ‘किती वर्षं झाली?’ एवढेच म्हणाला. पुढल्या आठवड्यात तो आईला घेऊन पुण्याच्या डॉक्टरांकडे गेला. अशा गोळ्या एकदम सोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने कमी करायच्या असतात, हे तिथे कळले. सध्या अर्धीवर आली आहे. झोपेची तक्रार आहेच.

असो. हार्टनोल बंधूंचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९९४ साली ब्रिटनमध्ये नवा फौजदारी कायदा आला. रात्रीच्या उघड्यावरच्या नाचांना आवर घालण्यासाठी त्यात एकामागून एक पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ठोक्यांचे संगीत, अशी व्याख्याच घालण्यात आली. त्यावर या दोघांनी आपल्या एका गाण्याचे एक रूप काढले, ते निव्वळ शांततेचे. ठोका नाही, सूर नाही, धरा आता! १९९७ साली त्यांची दोन ध्वनिमुद्रणे तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पैसा आला, नाव आले, चित्रपट आले.

आणि मग २००४ साली दोघांनी जोडी मोडली. आपल्याकडे भाऊबंदकी म्हटली की शेताचा बांध आठवतो. इथे बांध नव्हता; दोघे मिळून पंधरा वर्षे एकाच मेजापाशी उभे होते, एवढेच होते. पॉलने एकट्याचा अल्बम काढला, फिलने दुसऱ्या साथीदाराबरोबर नवी जोडी केली. दोन्ही कामे २००७ सालची. २००९ मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले. २०१२ साली लंडनच्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात त्यांनी वाजवले, तेव्हा स्टीफन हॉकिंग यांचा यंत्रातून येणारा आवाज त्यांच्या संगीतात मिसळला होता. यंत्राला श्वास नसतो म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी तो प्रसंग एकदा जरूर पाहावा. २०१४ च्या ऑक्टोबरात पुन्हा घोषणा झाली, दिव्यांचे चष्मे आता कायमचे खुंटीला. ते ‘कायमचे’ तीन वर्षे टिकले. २०१७ साली दोघे परत उभे राहिले. २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांचे नवे अल्बम आले. ही भांडणे आणि समेट यांवर तिकडचे पत्रकार खूप लिहितात. मला त्यात फारसे नवल वाटत नाही. मित्र दोनदा तुटला तर तिसऱ्यांदा येत नाही. भावाला यावेच लागते, घरी एकच आई असते.

‘हॅल्सियन’ त्यांनी मैफलींतून वर्षानुवर्षे वाजवले. त्यात त्यांनी एक प्रथा पाडली आहे. गाणे ऐन रंगात आले, ती उलटी गोड हाक काळोखात घुमू लागली, की एकदम मध्येच बॉन जोवी आणि बेलिंडा कार्लाइल यांच्या १९८० च्या दशकातल्या बाजारू गाण्यांचे तुकडे घुसडून द्यायचे. गर्दी आधी दचकते, मग खदाखदा हसते, मग मोठमोठ्याने गाऊ लागते, आणि त्या गोंधळाखालून मूळ सूर चालूच राहतो. चष्म्यावरचे चार दिवे वर येतात, खाली जातात. मग ती गाणी थांबतात आणि पुन्हा एकटी ती बाई गाऊ लागते.