पायाखालचा पत्रा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण माझी बोटं सध्या टाइप करण्याच्या अवस्थेत नाहीत. हातमोजे घालूनही ग्राइंडरच्या ठिणग्या कुठून आत शिरतात देव जाणे. आत्या परवा फोनवर म्हणाली, "अगं, त्या फियाटचं झालं की नाही? रंग द्यायला एवढे दिवस?" तिकडून दादाचं "फोटो टाक, फोटो टाक" चालूच आहे. तर मंडळी, सगळ्यांना एकदाच सांगते. रंगापर्यंत आपण पोचलेलोच नाही. गाडीला तळच नव्हता. म्हणजे गेल्या रविवारपर्यंत नव्हता, आता निम्मा आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: गाडी १९८१ ची प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी. १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं, पण आमच्या घरात तिला फियाटशिवाय दुसरं काही कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी, आणि आत एका वेळी किती भावंडं कोंबता येतात याचे विक्रम वाचकांपैकी निम्म्यांच्या नावावर आहेतच. :) २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर अर्धा दिवस शोकसभा चालली होती. आमची मात्र खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. त्या शोकसभेतच मी जाहीर करून टाकलं, की ही चालती करायची. आणि माझ्या धाकटीने चालवायची.

गाडीची पहिली पंधरा वर्षं रत्नागिरीत गेली, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा एवढंच पुरतं. खारी हवा ते काम फार उरकून करते. त्यातून या गाड्यांच्या तळावर डांबरी थर, त्यावर जाड नमदा आणि त्यावर रबराची चटई. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, चपला ओल्या येतात, दाराखालची पाणी जायची भोकं मातीने बुजतात. ते सगळं पाणी नमद्यात जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. वरून चटई अगदी कोरडी! अल्युमिनियमवर जी पापुद्र्यासारखी पूड धरते ती निदान खालच्या धातूला झाकते. लोखंडाचा गंज सच्छिद्र, फुगणारा. तो सुटून पडतो आणि खालचा ताजा पत्रा पुन्हा उघडा पडतो.

सीटा काढल्या, चटई उचलली, नमदा अक्षरशः फावड्याने काढला. डांबर हीट गनने मऊ करून खरवडलं. मग हातोडीने ठोकत गेले. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला थप् म्हणतो. ड्रायव्हरच्या बाजूला थप्, थप्, थप्. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार, आणि त्या भोकातून मला पार्किंगची फरशी दिसली. डाव्या बाजूला मात्र, म्हणजे आई बसायची तिथे, वेगळाच आवाज आला. खरवडल्यावर एक चौकोनी ठिगळ निघालं. चारी बाजूंनी रिबिटं, कडेला डांबर, आणि उलट्या अक्षरांत अर्धंमुर्धं "शेंगदाणा तेल". पंधरा किलोचा तेलाचा डबा कापून मारलेला.

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण विनोद म्हणून. १९८९ च्या जुलैत आईला ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचं होतं आणि आंबा घाटात गाडीत खालून पाणी आलं. मग आईने पाय सीटवर घेऊन "अहो, छत्री कुठल्या बाजूला धरू?" असं विचारलं. दादा हे नक्कल करून सांगतो आणि सगळे हसतात. मीही इतकी वर्षं हसत आले. ठिगळ काढल्यावर खालचं भोक बघितलं, माझे दोन्ही तळवे शेजारी शेजारी मावतील एवढं. आदल्या रात्री अण्णांनी कंदिलाच्या उजेडात ते बुजवलं होतं. दुसरी गाडी नव्हती आणि तारीख पुढे ढकलण्यासारखी नव्हती. आई त्यातून बरी झाली, नंतर बावीस वर्षं आपल्यात होती. पण त्या रात्री हे कुणालाच माहीत नव्हतं ना.

आता प्रश्न असा की हे ठिगळ ठेवायचं की काढायचं. आमचे वेल्डिंगवाले मिस्त्री भले माणूस. ते म्हणाले, "ताई, वरून नवीन पत्रा मारू, खालचं राहू दे. कोण बघतंय?" बघत कुणी नाही, हे खरंच. पण दोन पत्र्यांच्या मधे ओल राहते आणि ती दोघांनाही खाते, हे मी गेल्या महिनाभरात या गाडीत तीन ठिकाणी पाहिलंय. शिवाय या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, दाराखालच्या पेट्या आणि मधला बोगदा मिळून गाडीला उभं धरतात, आणि सीटचे बोल्टही तळातच बसतात. त्या सीटवर माझी मुलगी बसणार आहे. दादा तिकडून म्हणाला, "अण्णांना सांगूच नकोस, गुपचूप काढ." अण्णा रोज सकाळी खाली खुर्ची टाकून बसतात, त्यांच्यापासून काय डोंबल गुपचूप काढणार?

म्हटलं, "अण्णा, डावीकडचा पत्रा काढावा लागणार."

"कुठला?"

"तुम्ही मारलेला."

"हं," म्हणाले. मग पेपर घडी करून वर गेले. दोन दिवस खाली आलेच नाहीत. विचारलं तर गुडघा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा गुडघा खरा की खोटा हे कोण ठरवणार? तरी जेवताना मीठ मागायचं सोडून दुसरं काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री मला वाटलं, राहू दे, नकोच ते. एका बापाला त्याच्या डोळ्यांदेखत "तुझं काम चालणार नाही" म्हणायचं कशासाठी? मग धाकटी क्लासवरून स्कूटीवर भिजत आली, आणि सकाळी मी मिस्त्रींना फोन करून यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा खाली आले ते वही, मेजरटेप आणि पत्र्याची जुनी कात्री घेऊन. आल्या आल्या मिस्त्रींना, "टेकू दिलात का?" अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, हे आमच्या नात्यात कुणाला विसरता येत नाही. "भिंत पाडायच्या आधी टेकू देतात. दारं काढलीत आणि तळ कापलात तर ही मधे वाकेल. मग दारं लावून दाखवा." आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी वाचलेल्या प्रत्येक ठिकाणी हेच लिहिलंय. मग दोन्ही दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप तिरके वेल्ड केले. कापण्याआधी अण्णांनी दाराच्या फटी चारी बाजूंनी मोजून वहीत उतरवल्या. आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत, एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा हुकूम झाला.

बाकी काम म्हणजे निव्वळ कष्ट. बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली, खालून जाणारी ब्रेकची नळी आणि वायरी बाजूला घेतल्या. पाण्याची बादली, ओलं पोतं आणि आगीचा सिलिंडर हाताशी. तयार पत्रे मला कुठे मिळाले नाहीत, म्हणून १.२ मिलिमीटरचा सीआर पत्रा आणला. जस्त चढवलेला घेतला नाही, वेल्डिंगला त्याचा धूर फार वाईट. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांचे नमुने अण्णांनी कापले. एकही नमुना पहिल्यांदा बसला नाही आणि त्याचा दोष प्रत्येक वेळी पुठ्ठ्याचा होता. मूळ तळाला पन्हळी असतात. त्या नसल्या तर सपाट पत्रा गाडी चालताना डब्यासारखा वाजतो. म्हणून बाभळीच्या ओंडक्यात खाच पाडून, पत्रा त्यावर ठेवून हातोडीने पन्हळी उठवल्या. सोसायटीत त्या आठवड्यात माझी लोकप्रियता काय होती ते विचारू नका. शेवटी रोज अकरा ते एक एवढीच परवानगी मिळाली.

वेल्डिंग सलग करायचं नसतं, नाहीतर उष्णतेने पत्रा वळतो. एक इंच टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, मग मधे, मग थांबायचं. मिस्त्रींनी शेवटचे काही टाके माझ्याकडून मारून घेतले. ते ओळखू येतात, इतरांपेक्षा जाड आहेत. मग घासणं, रेड ऑक्साइड, सांध्यांवर सीलर, खालून कोटिंग. पाणी जायची भोकं रबरी बुचांसकट परत ठेवली. पुढच्या काचेचं रबर नवं घातलं, नाहीतर हे सगळं पाण्यातच.

पाइप काढून दार लावलं तेव्हा अण्णांनी वही उघडली आणि फटी पुन्हा मोजल्या. आधी ५ मिलिमीटर होती ती ५च. दार एका बोटाने बंद झालं. ते परत उघडून त्यांनी पुन्हा बंद केलं.

तेलाच्या डब्याचं ठिगळ मी धुऊन, पुसून वर शोकेसमध्ये ठेवायचं ठरवलं होतं. सोमवारी बघते तर नाही. अण्णांनी सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं, बाकीच्या गंजक्या तुकड्यांबरोबर वजनावर. मी चिडले. म्हणाले, "गळकं ठिगळ होतं ते. घाटात पाणी आलंच होतं की."

आता डावी बाजू झाली, उजवी कापायची आहे. त्यानंतर आरटीओ. जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी २०२२ साली ६०० ची ५००० झाली आणि पुढे आणखी वाढली, पण ते रडगाणं वेगळं लिहीन. दादा, डिसेंबरात येताना चॉकलेटं आणली नाहीस तरी चालेल, जुने कपडे मात्र आण. मागच्या सीटखालचा पत्रा तुझ्यासाठी ठेवलाय. आणि अण्णा म्हणतात, वही तुला देणार नाहीत, मापं तेच घेतील.