आगीला भ्यालेले जहाज

फिलाडेल्फियाच्या धक्क्याला १९९६ पासून ‘युनायटेड स्टेट्स’ हे प्रवासी जहाज बांधून ठेवलेले होते. काही वर्षांपूर्वी तिकडे आप्तांकडे गेलो असता, परवानगी मिळवून आम्ही त्याच्या पोटात शिरलो. १९५२ साली पहिल्याच सफरीत ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडणारे ते हेच!

विजेरीच्या उजेडात रंगाचे पापुद्रे वाळल्या पानांसारखे लोंबताना दिसले. आमच्याकडील पुष्कळ माणसे बोटीवरच्या नोकरीत म्हातारी झाली. म्हणून असेल, दिवाणखाने सोडून आम्ही निजण्याच्या खोल्या शोधू लागलो. खोल्या नव्हत्याच. जमिनीवर भिंतींच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. सामानसुमान १९८४ च्या लिलावात गेले, हे ठाऊक होते, पण भिंती?

जहाजाचे रचनाकार विल्यम फ्रान्सिस गिब्स यांना आगीची विलक्षण धास्ती. लाकूड त्यांनी जवळजवळ वर्ज्यच केले (पियानो आणि खाटकाचा ठोकळा एवढे अपवाद सांगतात). ॲस्बेस्टॉस मात्र सढळ हाताने वापरला. पुढे तोच आरोग्याला घातक ठरला. १९९० च्या दशकात सेवास्तोपोलला तो काढताना खोल्याही निघून गेल्या.

कोरड्या पोहण्याच्या तलावाशी आम्ही बराच वेळ थांबलो. २०२५ च्या फेब्रुवारीत जहाज तेथून ओढून नेले, फ्लोरिडाच्या समुद्रात माशांसाठी बुडवावयाचे म्हणून.