पाणी किती वाजता?

कर्ज मागायला आलेला माणूस आपलं उत्पन्न जितकं फुगवून सांगतो, तितकंच गळ टाकून बसलेला माणूस आपलं उत्पन्न दडवून सांगतो. पहिल्याकडे निदान उत्पन्नाचा दाखला मागता येतो. दुसऱ्याची पिशवी उघडून बघायची सोय नाही. ते चारित्र्यावर संशय घेण्यासारखं समजतात.

बँकेच्या काउंटरमागे वीसेक वर्षं बसून मी पहिल्या जातीचा अभ्यास केला, आणि मालवणच्या धक्क्यावर साडेतीन वर्षं बसून दुसऱ्या जातीचा. मी मूळचा साताऱ्याकडचा. बी. कॉम.ला आम्हाला सगळ्या प्रकारच्या मालमत्तेचं मूल्यांकन शिकवलं होतं, पण मासा ही मालमत्ता ताटात पडण्यापूर्वी कुठे असते, हे अभ्यासक्रमात नव्हतं. मालवणला बदली झाली तेव्हा संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न पडला. समोर सिंधुदुर्ग किल्ला, खाली पाणी, आणि धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसलेली दहा-बारा माणसं. मीही पाय सोडून बसलो.

ही माणसं म्हणजे दर्यावर पोट असणारे मच्छीमार नव्हेत, हे आधी सांगून टाकतो. ती मंडळी वेगळी. रापण ओढणाऱ्या गाबित बांधवांच्या लेखी, तीन तास बसून पाव किलोची मुडदुशी धरणारा माणूस हा दयेचा विषय असतो. धक्क्यावरचे सगळे हौशी: एक निवृत्त मास्तर, त्यांना सगळे तात्या म्हणतात, एक औषधाच्या दुकानाचे मालक, एक रिक्षावाले दादा, एसटीतले एक कंडक्टर. सुट्टे पैसे आणि मासे या दोन्ही बाबतींत कंडक्टरांचं उत्तर एकच: ‘नाहीत.’

पहिल्या महिन्यात मला जी माहिती मिळाली, ती अशी.

‘काय गावला?’

‘कायच नाय.’

‘इथं लागतात का?’

‘हयसर? काल येवक व्हया होता.’

दुसऱ्या दिवशी गेलो, तरी काल यायला हवं होतं. साडेतीन वर्षांत मी त्या ‘काल’ला एकदाही हजर राहू शकलो नाही. आणि हे सांगताना समोरच्याच्या पाठीमागची पिशवी तडफडत असायची. पिशवीला काय झालंय म्हणून विचारलं, तर ‘वारो’.

इंग्लंडमधल्या आयझॅक वॉल्टन नावाच्या गृहस्थांनी १६५३ साली गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला. तो संवादरूप आहे. एक अनुभवी मासेमार वाटेत भेटलेल्या माणसाला कुठला मासा, कुठलं आमिष, कधी आणि कसा, हे सगळं पानंच्या पानं सांगत सुटतो. हा ग्रंथ जगभर गाजला याचं धक्क्यावर कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. ‘गाजणारच,’ औषधवाले म्हणाले, ‘इतक्या फुकट कोण सांगता?’

तरी धक्क्यावर काहीच सांगत नाहीत असं म्हटलं तर तो खोटा आरोप होईल. शास्त्र सांगतात, जागा सांगत नाहीत. म्हणजे खातं कसं उघडायचं ते सांगतात, लॉकरचा नंबर सांगत नाहीत. शास्त्राच्या बाबतीत तात्या उदार होते. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘पाऊणकी येता?’

आमच्या पिढीची पाठांतरं तीसपर्यंतच्या पाढ्यांशी संपलेली. पावकी, निमकी, पाऊणकी हे शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकले होते, तेही मला नालायक ठरवताना. पण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला पाऊणकीच लागते. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला. आठ पाऊण सहा. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पुढल्या पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा पहिला पाढा. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, हे त्यामागचं गणित. घड्याळाशी थोडाफार फरक पडतो, पण तेवढा आमच्या शाखेच्या उघडण्याच्या वेळेतही पडायचा. हल्ली मोबाइलवर मिनिटासकट वेळ मिळते. तात्या मोबाइल बघत नाहीत असं नाही. आधी पाऊणकी म्हणतात आणि मग मोबाइल बरोबर आहे की नाही ते तपासतात.

मग उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, दोघांची ओढाताण. पाणी आपलं मध्यममार्गी. तो भांग. शिवाय पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढीचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासाला एक, मग दोन, मग तीन, पुन्हा तीन, दोन आणि एक. अर्धं पाणी मधल्या दोन तासांत. हे ऐकल्यावर मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. आमच्याकडे वर्षभराची ठेव मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते, तसंच हे. आणि मासा खातो तो पाणी चालू असताना. पाणी थांबलं की तोही थांबतो. जेवणाची सुट्टी काउंटरच्या दोन्ही बाजूंना असते, ती अशी.

गळाचे नंबर हे आणखी एक प्रकरण. आकडा जितका मोठा तितका गळ लहान. वीस नंबरचा गळ टाचणीएवढा, एक नंबरचा बराच मोठा. आणि एकच्या पुढे मोठं व्हायचं असेल, तर शेजारी शून्य लावून पुन्हा एक, दोन, तीन असे चढते आकडे. ही पद्धत ज्यानं काढली तो नक्की आमच्या मुख्य कचेरीत परिपत्रकं लिहीत असणार. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी तिला थुंकी लावायची, नाहीतर घासून तापते आणि ऐन वेळी तुटते, हेही तात्यांनीच शिकवलं. नोटा मोजताना थुंकी लावू नये, अशी सूचना आमच्या काउंटरवर आहे. इथे मला त्याची भरपाई मिळाली. बोयीला कणिक किंवा पाव चालतो. मुडदुशी वाळूच्या तळावर, बारीक गळाला कोळंबीचा तुकडा. खाडीत काळुंदरं. तांबोशीला मात्र कोळंबी जिवंत हवी, आणि गळ डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला धक्का न लावता घालायचा, म्हणजे ती बराच वेळ जिवंत राहते. मेलेल्या कोळंबीकडे तांबोशी आमचे मॅनेजर जुन्या थकबाकीदाराकडे बघतात, तशी बघते.

एवढं ज्ञान. पण तांबोशी कुठे? ‘खडपात,’ तात्या म्हणाले. मालवणचा किनारा पाहिलेल्या माणसाला कळेल की हे उत्तर ‘भारतात’ या उत्तराइतकंच नेमकं आहे.

मात्र एका प्रकारची माहिती धक्क्यावर न मागता मिळते. ती मी एका संध्याकाळी पाहिली. कोल्हापूरकडून आलेला कॉलेजचा एक पोरगा, नवी कोरी काठी घेऊन, आमच्यापासून दहा हात लांब बसला होता. त्याला कुणी ओळख दिली नव्हती. त्याला लागला शिंगाळा. चांगला हातभर. पोरानं आनंदानं तो मुठीत धरला. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे, आणि विषारी. पाठीवरचा काटा पोराच्या तळव्यात घुसला. पोरगा ओरडला म्हणण्यापेक्षा त्याचा आवाजच गेला. रंग असा उतरला की मला वाटलं, हा आता पाण्यात पडणार.

पुढच्या मिनिटात जे झालं, ते साडेतीन वर्षांत मी पुन्हा पाहिलं नाही. सगळ्या गऱ्या खाली पडल्या. औषधवाल्यांनी पोराला मागे ओढून बसवला. कंडक्टर चहाच्या टपरीकडे धावले आणि पातेलंभर कढत पाणी घेऊन आले. पोरगा हात बुडवायला निघाला, तर तात्या ओरडले, ‘तो नाय! बरो हात आधी!’ दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून चांगल्या हातानं ऊन बघायचं; सोसेल इतकं कढत हवं, पोळेल इतकं नको. उष्णतेनं ते विष निकामी होतं आणि कळ उतरते. पोराचे ओठ पांढरे पडले होते. तात्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी निवलं की दुसरं मागवत राहिले. अर्ध्या तासानं तो पहिला शब्द बोलला, ‘आईला सांगू नका.’ मग रिक्षावाल्या दादांनी त्याला दवाखान्यात नेला. काटा आत मोडलेला असतो, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, ते घरचं काम नव्हे. जाताना दादांची गरी पाण्यातच होती आणि तंगूस ओढला जात होता. गळाला लागलेला मासा सोडून माणूस उठला, याहून मोठा त्याग मला ठाऊक नाही. भाडंही घेतलं नाही.

आठ दिवसांनी पोरगा पेढे घेऊन आला. सगळ्यांनी खाल्ले. शिंगाळा कसा धरावा, फुगणारा केंड कितीही गोजिरा दिसला तरी का खाऊ नये, त्याचं विष शिजवूनही जात नाही, शेवाळलेल्या पायऱ्यांवर कुठली चप्पल चालते, पावसाळ्यात लाट मोजल्याशिवाय धक्क्याच्या टोकाला का जाऊ नये, हे त्याला चारही बाजूंनी ऐकवलं. मग त्यानं विचारलं, ‘काका, तांबोशी कुठे लागते?’

‘हयसर? काल येवक व्हया होता.’

अशी साडेतीन वर्षं गेली. आणि मग माझी बदली झाली. लातूरला. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून आगगाडीनं पाणी पुरवावं लागलं, त्या गावी. संध्याकाळी धक्क्यावर बातमी सांगितली. कुणी फार बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी औषधवाले माझ्याजवळ सरकले आणि चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं अक्षर वाचतात तशा खालच्या आवाजात म्हणाले, ‘भाऊ, गोबरो व्हयो तर त्या होडयेच्या पलीकडे टाका.’

मी बघतच राहिलो. ‘इतके दिवस का नाही सांगितलंत?’

‘तुमी आता जातलास मा? मगे सांगूक काय हरकत?’

पुढचे पंधरा दिवस माझ्यावर गुपितांचा पाऊस पडला. कंडक्टरांनी देवबागच्या संगमाजवळची जागा सांगितली, स्टॉपसकट. रिक्षावाल्या दादांनी कोळंबच्या खाडीतलं एक वळण नेऊन दाखवलं. अर्थात कंडक्टरांच्या मते दादांची जागा बोगस आणि दादांच्या मते कंडक्टरांची. बुडीत जाण्याची भीती नसलेलं कर्ज प्रत्येकाला द्यावंसं वाटतं. लातूरला निघालेला माणूस म्हणजे पूर्ण सुरक्षित तारण. तो त्या जागेवर परत येऊन बसणार नाही.

तात्या मात्र गप्प. शेवटच्या शनिवारी त्यांनी मला हात धरून उठवलं. हल्ली त्यांना कडेला भीती वाटते, डोळे पूर्वीसारखे नाहीत. मला वाटलं, घरी सोडायला सांगताहेत. त्यांनी मला टोकाकडे नेलंच नाही. सगळे जिथे चपला काढून ठेवतात, त्या सुरुवातीच्या कोपऱ्याशी उभं केलं. साडेतीन वर्षं मी तिथून रोज दोनदा गेलो होतो. ‘उद्या तृतीया,’ ते म्हणाले, ‘पाऊणकी करा. पाणी फिरला काय हयसर टाका. जिती कोळंबी. आणि लागलो तर ढिलो सोडू नका, भोकात घुसता.’ थोडं थांबून म्हणाले, ‘माका आता काळोखात तंगूस दिसना नाय.’

तीन पाऊण सव्वादोन. भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी रात्री साडेआठला. मी पावणेनऊला कोळंबी टाकली. सव्वानऊला काठी अशी वाकली, की कुणीतरी खालून वसुलीला आलंय असं वाटलं. ढील दिली नाही. तांबोशी सव्वा किलोची निघाली. तात्या मागे फळकुटावर बसले होते. त्यांनी हात फिरवून मासा पाहिला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि ‘बरो हा’ एवढंच म्हणाले.

तेवढ्यात समोरून आमच्या शाखेत माझ्या जागी आलेला तरुण आला. नागपूरकडचा, शुक्रवारीच रुजू झालेला. हातात ऑनलाइन मागवलेली काठी, तिचा कागद अजून निघायचा होता. ‘सर, काही मिळालं का?’

पिशवी माझ्या पाठीमागे तडफडत होती.

‘छे हो,’ मी म्हणालो. ‘काल यायला हवं होतं. बाकी शिंगाळा लागला तर हातानं धरू नका, फडक्यानंसुद्धा नाही, पक्कड ठेवा.’ तात्यांनी मान डोलावली. साडेतीन वर्षांत मला मिळालेलं एकमेव प्रमाणपत्र.

लातूरला पहिल्याच दिवशी घरमालकांना विचारलं, ‘आज पाणी किती वाजता?’ ते म्हणाले, ‘नळाचं की टँकरचं?’ आता रविवारी रात्री तात्यांचा फोन येतो. काय गावला, किती गावला, सगळं वजनासकट सांगतात. त्यांचा नातू गरी टाकतो आणि तात्या मागे बसून पाऊणकी म्हणतात. मागच्या रविवारी दोन तांबोशी आणि एक गोबरा. मी विचारलं, ‘तात्या, गोबरा कुठल्या जागेला लागला?’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तात्या म्हणाले, ‘तुमची बदली परत हयसर होवची नाय मा?’