हुंडेकऱ्याची उमेदवारी

आमच्या घरात आजवर दोनच व्यवसाय मान्य होते. एक शिक्षकाचा व दुसरा कचेरीतील लेखणीचा. आजोबा पालघरास शिक्षक होते, वडिलांनी तोच मार्ग धरला, व काका हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. अशा घरात २०२२ च्या जूनमध्ये, वाणिज्य शाखेची पदवी हाती असताना, मी रात्रीच्या पंक्तीत जाहीर केले की बोईसरला मालवाहतुकीच्या दलालाकडे उमेदवारी करावयाची आहे. काकूंचा वाढता हात थांबला. काका एवढेच म्हणाले, "दलाली? आपल्या घरात?"

त्यांचा दोष नव्हता. ज्याने माल तयार केला नाही, ज्याची गाडी नाही व जो ती हाकीतही नाही, त्याने मधल्यामध्ये पैसे का घ्यावेत, हा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर त्या रात्री मजपाशी नव्हते.

पालघरहून बोईसर अवघे दोन स्थानकांवर. मध्ये एक उमरोळी. तारापूर हे नाव इतिहासप्रेमी वाचकांस चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या मोहिमेमुळे ठाऊक असते, व इतरांस १९६९ पासून चालू झालेल्या अणुवीज केंद्रामुळे. परंतु बोईसरला लागून पसरलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतून रसायने, औषधे, कापड व पोलाद यांनी भरलेल्या गाड्या रात्रंदिवस चिल्हार फाट्याकडे जात असतात, व तेथून महामार्गाला लागून मुंबईकडे किंवा गुजरातकडे वळतात. या गाड्यांपैकी बहुतेक कारखान्यांच्या मालकीच्या नसतात. कोणाची तरी रिकामी गाडी कोणाच्या तरी तयार मालापाशी वेळेवर आणून उभी करणे, हाच आमचा धंदा.

आमच्या शेटजींचे कार्यालय म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या व अखंड वाजणारे दूरध्वनी. पहिला महिना त्यांनी मला बोलू दिले नाही. फक्त ऐकावयाचे व लिहावयाचे. सुरतेहून भिवंडीस माल टाकून कोणती गाडी परतत आहे, तिला परतीचे भाडे हवे आहे काय, ती किती चाकी, ताडपत्री धड आहे काय, हे सारे मी वहीत टिपीत असे. मग कागदपत्रे आली. गाडीचे नोंदणीपुस्तक, विमा, परवाना व चालकाचा परवाना डोळ्यांनी पाहिल्यावाचून बिल्टी फाडावयाची नाही. घातक रसायन असेल तर चालकाच्या परवान्यावर तशी खास नोंद हवी. ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बिघडली तर ती वेळेत वाढवून घ्यावयाची. भाड्यापैकी आगाऊ किती, बाकी किती, हमाली कोणाकडे, व माल पोहोचल्याची सही परत आली की नाही, हे हिशेब तर रोजचेच. मालवाहतुकीच्या व्यवस्थापनाचे वर्ग आज शहरांतून निघाले आहेत व ते उपयुक्तही आहेत. परंतु 'नाही' केव्हा म्हणावे हे मला कोणत्याही वर्गात कळले नसते. ते मला फार महाग पडून कळले.

सहाव्या महिन्यात शेटजी गावी गेले असता एका कारखान्यातून पोलादाच्या सळ्या अहमदाबादेस धाडावयाच्या होत्या. दहा चाकी गाडी होती. तिचे मालासह वजन कायद्याने २८.५ टनांच्या वर जाता कामा नये. माल पाठविणाऱ्या कारकुनाने गळ घातली, "आणखी तीन टन बसवा, दुसरी गाडी कोण करतो? नाहीतर पुढचे काम दुसऱ्याकडे." गिऱ्हाईक तुटेल या भीतीने मी म्हणालो, "चालेल." चालकाने माझ्याकडे एकवार पाहिले व दोर आवळले.

गुजरातच्या सरहद्दीजवळील नाक्यावर काट्याने ३१.५ टन दाखविले. दंड २०,००० रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनास २,०००, एकूण २६,०००. वर जादा माल उतरविल्याखेरीज गाडी हलावयाची नाही. कारखान्याने कानांवर हात ठेवले. गाडीमालक म्हणाला, "तुम्ही भरावयास सांगितले." दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते. शेटजींस दूरध्वनी केला, तर ते शांतपणे म्हणाले, "शब्द कोणी दिला?"

दुसऱ्या दिवशी रात्री मी मान खाली घालून घरी सारे सांगितले. 'आम्ही म्हणालोच होतो' हे वाक्य ऐकावयाची माझी तयारी होती. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "तो गाडीवान कालपासून तेथेच आहे ना? त्याच्या जेवणाचे काय?"

मी ते विचारलेच नव्हते. दोन दिवस मी दंड, गिऱ्हाईक व स्वतःची अब्रू यांचाच हिशेब करीत होतो.

पहाटे काकूंनी डबा बांधून दिला. काकांनी आपल्या बचतीतून पैसे दिले व बजावले, "हे कर्ज आहे, दान नव्हे." मी नाक्यावर गेलो, दंड भरला, दुसरी गाडी करून जादा माल तीत चढविला. डबा उघडताना चालक म्हणाला, "वजन जास्त आहे हे मला दिसत होते. पण तुम्ही 'चालेल' म्हणालात." त्याने ते रागाने म्हटले असते तर मला सोपे गेले असते.

अमेरिकेत मालवाहतुकीच्या दलालास व्यवसायापूर्वी ७५,००० डॉलरची हमी द्यावी लागते. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अशा एजंटास परवाना सांगितला आहे. परंतु कागदी हमी नुकसान झाल्यावर कामास येते. गाडी निघण्यापूर्वी दोन्ही पक्षांस आधार असतो तो मधल्या माणसाच्या शब्दाचा. त्या शब्दाचेच तो पैसे घेतो. त्या पहिल्या रात्री पंक्तीत मला न सुचलेले उत्तर ते हेच.

काकांचे कर्ज मी अकरा महिन्यांत फेडले. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी त्यांनी कपाटातून मोल्सवर्थचा जुना कोश काढून एका शब्दावर बोट ठेवले: 'हुंडेकरी'. माल मुक्कामी पोहोचविण्याचा व वाटेवरच्या जकाती भरण्याचा ठोक रकमेत मक्ता घेणारा तो हुंडेकरी. जुन्या काळी व्यापारी त्याच्या भरवशावर माल घाटापार धाडीत.

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघरास झाली. बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे, व त्यांची काळजी खोटी नव्हे. परंतु तेव्हापासून ओळखीच्या घरांतील मुले या धंद्याची चौकशी करावयास येतात. मी त्यांस कागदपत्रे दाखवितो, दर समजावितो, आणि गाडी अडली तर प्रथम चालक जेवला की नाही हे विचारावयास सांगतो.

काकांस आता कोणी विचारले, "पुतण्या काय करतो?" तर ते 'दलाल' म्हणत नाहीत, व 'व्यवसाय' असे मोघमही सांगत नाहीत. ते म्हणतात, "हुंडेकरी आहे."