आधी डावीकडे बघा

जिद्द्याहून मक्का सुमारे ८० किलोमीटर. चांदूर रेल्वेहून एसटीने अमरावती गाठायला जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढ्यात टॅक्सीवाल्याने आम्हाला पोहोचवले. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात मोबाईल. 'साहेर'चा कॅमेरा जवळ आला की पठ्ठ्या ब्रेक दाबायचा, मागे पडला की पुन्हा सुसाट! मागच्या सीटवर अम्मींची तसबीह गाडीइतक्याच वेगाने फिरत होती.

खरी परीक्षा मक्केत. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपले लोक सवयीने उजवीकडे बघून पाऊल टाकतात आणि गाडी येते डावीकडून. फजरनंतर हरममधून गर्दी बाहेर पडली, की टॅक्सीवाले 'अजीजिया, अजीजिया' ओरडत भर रस्त्यात थांबतात; मागचे हॉर्नवरचा हात काढत नाहीत. अशाच गर्दीत आमच्या गटातल्या एका बुजुर्गांना गाडी चाटून गेली. अल्लाहने वाचवले.

उमऱ्याला निघणाऱ्यांना तवाफ, सई, दुआ सगळे शिकवतात. रस्ता ओलांडणे कोणी शिकवत नाही. म्हणून मोहल्ल्यातले कोणी निघाले, की मी त्यांना अंगणात दोन-चार फेऱ्या मारायला लावते : आधी डावीकडे, मग उजवीकडे. अंगणातच, कारण चांदूरच्या रस्त्यावर असे बघत उतरले, तर विमानतळापर्यंत तरी पोहोचतील का?