पोचपावती

सरकारी नोकरीत चार वर्षे काढलेल्या माणसास 'पाठविले' आणि 'पोहोचले' या दोन क्रियापदांमधील अंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही. कागद जावक नोंदवहीत चढला की आपली जबाबदारी संपली, असे मानणारा एक पंथ आहे. आणि समोरच्या कचेरीचा शिक्का उमटलेली पोचपावती फायलीला लागल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, असा दुसरा. पहिल्या पंथाला संध्याकाळची बस वेळेवर मिळते. दुसऱ्याच्या फायली शाबूत राहतात. आमची गणना दुसऱ्या पंथात होते. मात्र त्याचे श्रेय आम्ही कचेरीला देत नाही; ते देतो 'सी' नावाच्या संगणकभाषेला.

आमची पदवी संगणकशास्त्राची आणि भाकरी कारकुनीची. दिल्लीच्या भाड्याच्या खोलीत, रात्री जेवण आटोपल्यावर, लोक सतार छेडतात तशी आम्ही सी भाषा छेडीत बसतो. युनिक्स ही कार्यप्रणाली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये उभारावयास घेतली. १९७३ मध्ये तिचा गाभा रिची यांच्या सी भाषेत नव्याने लिहिला गेला. १९८८ च्या 'पॉसिक्स' या प्रमाणाने तिच्याशी बोलण्याची रीत पक्की केली, आणि आजचे लिनक्सही बव्हंशी तीच रीत पाळते. ही बोलणी ज्यांच्यामार्फत होतात, ती सी ग्रंथालयातील फंक्शने आमच्या प्रीतीचा विषय आहेत.

त्यांतले 'राइट' घ्या. ही शंभर अक्षरे अमुक फायलीत लिही, असे आम्ही त्याला सांगतो. ते लिहिते, आणि किती लिहिली तो आकडा परत आणून देते. कधी तो आकडा शंभर असतो, कधी साठच. साठ सांगताना ते लाजत नाही. उरलेली चाळीस पुन्हा देणे हे आपले काम. काहीच जमले नाही तर ते उणे एक सांगते, आणि कारणाचा क्रमांक 'एर्नो' नावाच्या एका कोपऱ्यात ठेवून देते. लिनक्सवर १३ म्हणजे परवानगी नाही. २८ म्हणजे जागा उरली नाही. यात एक मेख आहे. काम सुरळीत झाले तरी तो कोपरा कोणी पुसत नाही. मागचा क्रमांक तसाच पडून राहतो. म्हणून आधी उत्तर पाहावे, मग कारण. जुन्या शेऱ्यावरून नव्या प्रकरणाचा निकाल लावणाऱ्यांना हा धडा शिकविण्याजोगा आहे.

परंतु हे उत्तर ऐकण्याची सक्ती भाषा करीत नाही. विचारणाऱ्याने पाठ फिरविली तर सत्य सांगणारा काय करणार? आमच्या परिचयाच्या एका कार्यालयात निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले संगणकावर घेतले जात. एका नोव्हेंबरात डिस्क काठोकाठ भरली. 'राइट' प्रत्येक वेळी उणे एक सांगत होते, कोपऱ्यात २८ पडला होता. पण आज्ञावली लिहिणाऱ्याने तिकडे पाहण्याची तजवीजच केली नव्हती. पडद्यावर मात्र 'दाखला स्वीकारला' असे दिमाखात उमटत होते. पुढे वेतन थांबले, तेव्हा काठी टेकीत एक वृद्ध गृहस्थ खिडकीशी आले आणि म्हणाले, "साहेब, मी जिवंत आहे हो. मागेही सांगून गेलो होतो." त्यांनी सांगितले होते, यंत्रानेही सांगितले होते, ऐकणारा तेवढा कोणी नव्हता.

बरे, 'राइट'ने शंभर म्हटले तरी निश्चिंत होऊ नये. त्या शंभराचा अर्थ, मजकूर कार्यप्रणालीच्या स्मरणात आला, इतकाच. डिस्कवर तो सवडीने जातो. मध्येच वीज गेली तर गेला. खरी पोचपावती हवी असेल तर 'एफसिंक' नावाचे फंक्शन आहे. मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत ते आपल्याला दारात उभे करते. त्याला वेळ लागतो, म्हणून पुष्कळजण ते टाळतात.

आणि पोचपावतीचीही परीक्षा असते. पोस्टग्रेस या माहितीसंग्राहक प्रणालीच्या कर्त्यांना २०१८ मध्ये उमगले, की लिनक्सवर एफसिंकने एकदा अपयश सांगितल्यानंतर पुन्हा विचारले तर ते 'सर्व ठीक' असेही सांगू शकते. मजकूर मात्र डिस्कवर पोहोचलेलाच नसतो. या प्रणालीचा पुष्कळ वर्षांचा समज त्या दिवशी कोसळला. २०१९ मध्ये त्यांनी नियम बदलला: एफसिंकने अपयश सांगितले की पुन्हा विचारीत बसावयाचे नाही, काम तेथेच थांबवावयाचे आणि आपल्या नोंदीवरून सारे नव्याने उभारावयाचे. खोट्या दिलाशापेक्षा खोळंबा पत्करण्याचे हे धैर्य आम्हांला थोर वाटते. कचेऱ्यांत ते क्वचित दिसते.

तुम्हांआम्हांसारख्या परप्रांती राहणाऱ्यांना याचे मर्म कळण्यास सी भाषा यावयास पाहिजे, असे नाही. एकेकाळी आपल्या घरांतून निघणाऱ्याला दाराशी एकच बजावणी होई, पोहोचलास की खुशालीचे पत्र टाक. आता पत्राच्या जागी दूरध्वनी आला. पलीकडून आई 'आमचे ठीक आहे रे' म्हणते, आणि आपण त्या वाक्यावर निर्धास्त होऊन दुसऱ्या विषयाकडे वळतो. परंतु ते वाक्य रोजच्यापेक्षा थोडे उशिराने आले होते का, थोडे हळू आले होते का, हे पाहिल्यावाचून उत्तर घेतले असे म्हणता येत नाही. सांगणारे आपल्या परीने सांगतच असतात. साठ म्हणाले तर उरलेल्या चाळिसांची चौकशी करणे, हे विचारणाऱ्याचे कर्तव्य आहे.